शेतमालाची परराज्यातील खेप : परवाने आणि नियम

सोलापूर जिल्ह्याच्या दक्षिणेस आणि आग्नेयेस कर्नाटक राज्याची हद्द लागते. मंगळवेढा, दक्षिण सोलापूर आणि अक्कलकोट हे तालुके तर त्या हद्दीला भिडलेलेच आहेत. सोलापूर शहरापासून विजयपूर सुमारे शंभर किलोमीटरवर असून कलबुर्गीचे अंतरही थोड्याफार फरकाने तेवढेच भरते. हैदराबाद सुमारे तीनशे दहा किलोमीटरवर, म्हणजे मुंबईपेक्षा जवळ आहे. या भौगोलिक परिस्थितीमुळे कांदा, डाळिंब, द्राक्षे, बेदाणा आणि ज्वारी पिकविणाऱ्या येथील शेतकऱ्याला परराज्यातील बाजारपेठ दूरची वाटत नाही.

या बाजारपेठेची गरज केव्हा तीव्रतेने भासते, हे फेब्रुवारी २०२३ मधील एका घटनेने दाखवून दिले. जिल्ह्यातील एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा सोलापूरच्या बाजारात आणला. त्याला किलोस एक रुपया भाव मिळाला. वाहतूक, हमाली, तोलाई इत्यादी खर्च वजा जाता त्याच्या हाती दोन रुपयांचा धनादेश पडला. ही बातमी देशभर गाजली. अशा वेळी "हाच माल हैदराबादला किंवा बंगळूरला नेला असता तर?" हा प्रश्न शेतकऱ्याच्या मनात येणे स्वाभाविक आहे. एरवी गावाबाहेर फारसा न जाणारा शेतकरीही मग एका खेपेपुरता ट्रक ठरवितो आणि रातोरात माल भरून निघतो. अडचण उद्भवते ती हद्दीवर किंवा त्यापुढे. कारण मालाची तयारी झालेली असते, कागदांची झालेली नसते. कांदा किंवा डाळिंब काही दिवस रस्त्याकडेला उभे राहू शकत नाही.

या एका खेपेसाठी कोणते कागद लागतात, कोणते लागत नाहीत आणि ते कोणाकडून मिळतात, याची माहिती ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि क्षेत्रीय कर्मचारी यांना असणे अगत्याचे आहे. गावात पहिला सल्ला त्यांनाच विचारला जातो.

बंधन मालावरून गाडीवर

आज ज्याला आपण परराज्य म्हणतो, तो प्रदेश सोलापूरला पूर्वी परका नव्हता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत विजापूर जिल्हा मुंबई राज्यातच होता. त्या दिवशी तो म्हैसूर राज्यात गेला आणि सोलापूर-विजापूर ही जिल्ह्याबाहेरची खेप राज्याबाहेरची झाली. गुलबर्गा आणि उस्मानाबाद हे जिल्हे तोपर्यंत हैदराबाद राज्यात होते. संस्थानी काळात निजामाच्या हद्दीवर करोडगिरीची नाकी असत व तेथे मालावर जकात भरावी लागे.

स्वातंत्र्यानंतर संविधानाच्या ३०१ व्या अनुच्छेदाने देशभर व्यापार आणि दळणवळण मुक्त राहील असे तत्त्व घालून दिले. तथापि अन्नटंचाईच्या काळात धान्याच्या आंतरराज्य वाहतुकीवर अत्यावश्यक वस्तू अधिनियम, १९५५ खाली निर्बंध घालावे लागले. महाराष्ट्रात १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना अंमलात आली आणि शेतकऱ्याला आपला कापूस परराज्यात विकण्यास बंदी झाली. पुढे हे चित्र पालटले. फेब्रुवारी २००२ मध्ये केंद्र शासनाने एका आदेशान्वये गहू, तांदूळ, भरडधान्ये, तेलबिया, खाद्यतेले व साखर यांच्या वाहतुकीवरील निर्बंध उठविले. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि राज्यांच्या हद्दींवरील विक्रीकर-नाकी बंद झाली.

याचा व्यवहारी अर्थ असा की, शेतकऱ्याचा बहुतेक माल आज हद्द ओलांडण्यास मोकळा आहे. गाडी मात्र तशी मोकळी नाही. परराज्यातील खेपेत जी अडचण येते ती बहुधा गाडीच्या परवान्याची असते आणि शेतकऱ्याचे लक्ष मात्र मालाच्या कागदांकडे असते. प्रस्तुत विषयातील गैरसमजाचे मूळ येथे आहे.

गाडीला परवाना केव्हा लागतो?

मोटार वाहन अधिनियम, १९८८ हा १ जुलै १९८९ पासून अंमलात आहे. त्याच्या कलम ६६ अन्वये मालवाहू वाहन सार्वजनिक रस्त्यावर वापरण्यास परवाना आवश्यक आहे. गाडीत माल असो वा नसो, हा नियम लागू होतो. "गाडी माझी, मालही माझा, मग परवाना कशाला?" असे अनेकदा विचारले जाते. १९३९ च्या जुन्या कायद्यात स्वतःचा माल वाहणाऱ्यासाठी खाजगी वाहकाचा आणि भाड्याने वाहतूक करणाऱ्यासाठी सार्वजनिक वाहकाचा असे दोन वेगळे परवाने होते. त्या काळीही स्वतःच्या मालासाठी परवाना लागतच असे. नव्या कायद्याने हा भेद काढून टाकला असून दोघांनाही मालवाहतुकीचा एकच परवाना लागतो.

एका खेपेच्या दृष्टीने गाड्यांचे चार प्रकार पडतात.

पहिला प्रकार लहान गाडीचा. ज्या मालवाहू वाहनाचे एकूण वजन, म्हणजे गाडी व माल मिळून नोंदणीत दाखविलेले वजन, ३,००० किलोग्रॅमपेक्षा अधिक नाही, त्यास कलम ६६ मधील परवान्याची अट लागू नाही. येथे गाडीच्या बाह्य स्वरूपावरून अंदाज बांधू नये. सारख्या दिसणाऱ्या दोन पिकअप गाड्यांपैकी एकीचे नोंदलेले वजन या मर्यादेच्या आत आणि दुसरीचे बाहेर असू शकते. नोंदणी पुस्तकातील एकूण वजनाचा आकडा वाचणे, हाच खात्रीचा मार्ग होय. परवान्यातून सूट मिळाली तरी विमा, योग्यता प्रमाणपत्र आणि वाहनकर यांतून सूट मिळत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

दुसरा प्रकार राष्ट्रीय परवाना असलेल्या ट्रकचा. या परवान्यावर ट्रक अन्य राज्यांत जाऊ शकतो. पूर्वी किमान चार लगतची राज्ये निवडून प्रत्येक राज्यासाठी वेगळे शुल्क भरावे लागे. मे २०१० पासून देशभरासाठी एकत्रित वार्षिक शुल्काची पद्धत सुरू झाली. असा ट्रक भाड्याने घेतल्यास शेतकऱ्याला परवान्यासाठी धावपळ करावी लागत नाही. मात्र राष्ट्रीय परवान्याच्या अधिकारपत्राचे दरवर्षी नूतनीकरण होते. त्यावरील मुदतीची तारीख निघण्यापूर्वी पाहून घ्यावी.

तिसरा प्रकार केवळ महाराष्ट्रापुरता परवाना असलेल्या ट्रकचा. गावातील बहुतेक अडचणी या प्रकारातून निर्माण होतात. ट्रक रीतसर असतो, कर भरलेला असतो, परवानाही असतो. पण तो हद्दीपर्यंतच चालतो. अशा ट्रकला तात्पुरता परवाना घ्यावा लागतो. त्याचे विवेचन पुढे केले आहे.

चौथा प्रकार ट्रॅक्टर-ट्रॉलीचा. शेतीकामापुरता नोंदलेला ट्रॅक्टर शेतातून घरी किंवा जवळच्या बाजारी माल नेताना दिसतो. परंतु मालवाहतुकीसाठी ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर हे मालवाहू वाहन ठरते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये कर्नाटकातील एका प्रकरणात दिला आहे. दूरच्या आंतरराज्य खेपेसाठी या साधनाचा विचार न करणेच श्रेयस्कर.

तात्पुरता परवाना

अधिनियमाच्या कलम ८७ मध्ये तात्पुरत्या परवान्याची तरतूद आहे. हंगामी व्यवसायासाठी किंवा विशिष्ट तात्पुरत्या गरजेसाठी हा परवाना देता येतो. त्याची मुदत चार महिन्यांपेक्षा अधिक असू शकत नाही. कलम ८८ च्या सर्वसाधारण नियमानुसार एका राज्याचा परवाना दुसऱ्या राज्याच्या परिवहन प्राधिकरणाने प्रतिस्वाक्षरी केल्याशिवाय तेथे चालत नाही. तथापि त्याच कलमाच्या सातव्या पोटकलमाने एक सोय ठेवली आहे. दुसऱ्या राज्याने सर्वसाधारण किंवा त्या प्रसंगापुरती संमती दिली असल्यास, आपल्याच प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाला त्या राज्यात चालणारा तात्पुरता परवाना देता येतो. एका खेपेसाठी शेतकऱ्याच्या उपयोगी पडणारी तरतूद ती हीच. त्यासाठी परराज्यातील कार्यालयात खेटे घालावे लागत नाहीत.

अर्ज गाडीच्या मालकाने करावयाचा असतो, मालाच्या मालकाने नव्हे. शेजाऱ्याचा ट्रक घेतला असल्यास अर्ज शेजाऱ्याच्या नावे होईल. सोलापूर जिल्ह्यात सोलापूर येथील परिवहन कार्यालयाकडे (नोंदणी क्रमांक एमएच १३) आणि अकलूज येथील कार्यालयाकडे (एमएच ४५) वाहनांची नोंदणी होते. परवान्याचे अर्ज आता केंद्र शासनाच्या परिवहन संकेतस्थळावरून करता येतात. विहित अर्जासोबत नोंदणी, योग्यता, विमा, प्रदूषण तपासणी आणि कर भरल्याचे पुरावे चालू मुदतीचे असावे लागतात. यांपैकी एकाचीही मुदत संपली असेल तर अर्ज पुढे सरकत नाही. परवान्याखेरीज ज्या राज्यात जावयाचे तेथील वाहनकर भरणेही आवश्यक असते.

हा परवाना मागताना दोन चुका वरचेवर होतात. एक चूक मार्गाची. मंद्रूपजवळच्या एखाद्या गावातील शेतकऱ्याला कांदा हैदराबादला न्यावयाचा आहे, असे समजू. तो अर्जात तेलंगणाचे नाव लिहितो. परंतु सोलापूर-हैदराबाद महामार्ग नळदुर्ग, उमरगा या मार्गाने महाराष्ट्र सोडतो, तो हुमनाबादजवळ कर्नाटकातून जातो आणि जहिराबादच्या अलीकडे तेलंगणात शिरतो. म्हणजे माल उतरविण्याचे ठिकाण एका राज्यात असले, तरी खेप दोन परराज्यांतून होते. परवान्यात आणि करात दोन्ही राज्यांचा समावेश हवा.

दुसरी चूक मुदतीची. जाण्याचा दिवस मोजला जातो, परतीचा विसरला जातो. बाजाराला सुट्टी आली, लिलाव एक दिवस लांबला किंवा टायर फुटला, तर परतताना परवान्याची मुदत उलटून जाते. रिकाम्या गाडीलाही परवाना लागतो हे वर सांगितलेच आहे. म्हणून मुदत मागताना एक-दोन दिवसांची सवड ठेवावी.

दंडापेक्षा मोठा धोका

विनापरवाना वाहन चालविल्यास कलम १९२-अ खाली कारवाई होते. २०१९ च्या सुधारणेने पहिल्या अपराधासाठी दहा हजार रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कारावास अशी शिक्षा ठरविण्यात आली. "सापडलो तर दंड भरू, नाही तर सुटलो" असा हिशेब काहीजण करतात. हा हिशेब अपुरा आहे.

खरा धोका अपघाताचा आहे. परवान्याशिवाय सार्वजनिक रस्त्यावर वाहन चालविणे हा कायद्याचा मूलभूत भंग होय, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. अशा प्रकरणात विमा कंपनीने अपघातग्रस्तास भरपाई दिली, तरी ती रक्कम तिला गाडीच्या मालकाकडून वसूल करता येते. मोटार अपघाताच्या दाव्यातील भरपाई लाखो रुपयांत जाते. एका खेपेसाठी विश्वासाने ट्रक देणारा शेजारी त्यामुळे आपली जमीन गमावून बसू शकतो.

तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्यांनीही एक तरतूद लक्षात घ्यावी. विनापरवाना वाहन कलम २०७ खाली अटकावून ठेवता येते. परंतु त्याच कलमाच्या परंतुकानुसार, वाहन अटकावून ठेवण्याऐवजी त्याचे नोंदणी प्रमाणपत्र ताब्यात घेऊन पोच देण्याचा पर्यायही अधिकाऱ्यास उपलब्ध आहे. गाडीत नाशवंत माल असेल तेव्हा या पर्यायाचे महत्त्व विशेष आहे. शेतकऱ्याने अशी विनंती नम्रपणे करावी आणि पोच जपून ठेवावी.

वजन आणि माणसे

भाडे वाचविण्यासाठी चार पोती अधिक चढविण्याचा मोह होतो. कलम १९४ अन्वये जादा भारासाठी वीस हजार रुपये आणि शिवाय प्रत्येक जादा टनामागे दोन हजार रुपये दंड आहे. दोन टन जादा कांदा भरला तर दंड चोवीस हजार रुपये होतो. शिवाय जादा माल उतरविल्याशिवाय गाडी पुढे नेता येत नाही आणि उतरविण्याचा खर्चही मालकालाच सोसावा लागतो. कडब्यासारखा हलका पण फुगीर माल बाजूने किंवा वर बाहेर आल्यास त्यालाही याच कलमात दंड आहे. गावाजवळच्या वजनकाट्यावर भरलेली गाडी तोलून काटापट्टी सोबत ठेवावी. तीच पट्टी पुढे बाजारात वजनाचा वाद झाल्यास उपयोगी पडते.

मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी गाडीत असल्यास त्यास विम्याचे संरक्षण मिळते. ही सुधारणा नोव्हेंबर १९९४ पासून लागू आहे. मात्र त्याने चालकाच्या कक्षातच बसले पाहिजे. मालावर बसून प्रवास करणाऱ्यास हे संरक्षण मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये म्हटले आहे. पोत्यांवर गडी झोपवून नेण्याची प्रथा म्हणूनच कटाक्षाने टाळावी.

चालकाचा परवानाही पाहून घ्यावा. हलक्या वाहनाचा परवाना असलेल्या चालकास ७,५०० किलोग्रॅमपर्यंत एकूण वजनाचे मालवाहू वाहन चालविता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये निश्चित केले. त्याहून मोठ्या ट्रकला जड वाहनाचा परवाना लागतो.

मालाचे कागद

शेतकऱ्याने स्वतः पिकविलेला माल विकल्यास त्यास वस्तू व सेवा कराखाली नोंदणी करावी लागत नाही. ताजी फळे, भाजीपाला व कांदा करमुक्त आहेत. पन्नास हजार रुपयांहून अधिक किमतीच्या मालासाठी आंतरराज्य वाहतुकीत १ एप्रिल २०१८ पासून ई-वे बिल सक्तीचे झाले. तथापि अशा करमुक्त शेतमालास ते लागत नाही. सांगोल्याचे डाळिंब लाखाचे असले तरी त्यासाठी ई-वे बिल नको.

प्रक्रिया किंवा वेष्टन झाले की स्थिती बदलते. बेदाण्यावर कर आहे. मात्र शेतकऱ्याने स्वतः विकलेल्या बेदाण्यास तो लागू होत नाही, असा खुलासा वस्तू व सेवा कर परिषदेने डिसेंबर २०२४ मध्ये केला. मंगळवेढ्याची ज्वारी सुटी विकली तर कर नाही. परंतु लहान वेष्टनात लेबल लावून विकण्याच्या धान्यावर १८ जुलै २०२२ पासून करआकारणी सुरू झाली. बचतगट व उत्पादक कंपन्यांनी याबाबत आधी सल्ला घ्यावा.

सातबारा उतारा आणि पीक पाहणीची नोंद सोबत ठेवावी. माल आपल्या शेतातला आहे हे दाखविण्याचा तो सोपा पुरावा होय. एका गाडीत चौघांचा माल असेल तर प्रत्येकाच्या पोत्यांची संख्या व वजन यांची यादी करून तीवर सर्वांच्या सह्या घ्याव्यात.

काही मालाला मात्र वेगळे नियम आहेत. लाकडासाठी वन विभागाचा वाहतूक पास लागू शकतो. जनावरे नेताना १९७८ च्या प्राणी वाहतूक नियमांनुसार पशुवैद्यकाचे प्रमाणपत्र आणि पुरेशी जागा आवश्यक असते. शिवाय दोन्ही राज्यांचे पशुसंरक्षण कायदे पाहावे लागतात. चारा आणि ऊस यांवर प्रसंगोपात्त आदेश निघतात. टंचाईच्या वर्षी जिल्ह्याबाहेर चारा नेण्यास मनाई होऊ शकते. सप्टेंबर २०२३ मध्ये परराज्यात ऊस नेण्यास राज्यात बंदी घालण्यात आली होती आणि शेतकऱ्यांच्या विरोधानंतर ती थोड्याच दिवसांत मागे घेण्यात आली. म्हणून या दोन मालांबाबत भरणीच्या आदल्या दिवशी तहसील कार्यालयात चौकशी करणे इष्ट.

ट्रक भाड्याने घेतल्यास

वाहतूकदारामार्फत माल पाठविताना बिल्टी घेतल्याशिवाय गाडी सोडू नये. रस्ता वाहतूक अधिनियम, २००७ नुसार बिल्टी हा वाहतूकदाराने माल स्वीकारल्याचा पुरावा असतो. मालाची अधिक किंमत जाहीर करून जादा दर दिला नसेल, तर नुकसानीबद्दल वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहा पटींपर्यंत मर्यादित राहते. दाव्यापूर्वी माल सोपविल्यापासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. द्राक्षे, डाळिंबे यांसारख्या किमती मालाबाबत या तरतुदी विशेष महत्त्वाच्या ठरतात.

परतीची खेप

परतीचे भाडे मिळावे म्हणून ट्रकचालक वाटेत माल भरतो. परराज्यातील एका गावी भरून त्याच राज्यातील दुसऱ्या गावी उतरविणे राष्ट्रीय परवान्यावरही चालत नाही. तसेच "तिकडे खत मिळते आहे, येताना दहा पोती टाका" असे सांगितले जाते. रासायनिक खत एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यावर १९७३ च्या खत वाहतूक नियंत्रण आदेशाने निर्बंध आहेत. एवढ्याशा सोयीपायी सगळी खेप अडचणीत येऊ शकते.

ग्रामपातळीवर काय करता येईल?

हंगामापूर्वीच्या ग्रामसभेत या विषयास पंधरा मिनिटे दिली तरी पुष्कळ काम होईल. गावातील कोणत्या ट्रकला राष्ट्रीय परवाना आहे, कोणत्या गाडीचे एकूण वजन तीन हजार किलोच्या आत आहे, याची नोंद ग्रामपंचायतीत ठेवता येईल. आपले सरकार सेवा केंद्रातून अर्ज भरण्यास साह्य करता येईल. शाळेतील शिक्षकांना वरच्या वर्गातील मुलांकडून घरच्या गाडीचे नोंदणी पुस्तक वाचून घेण्याचा पाठ घेता येईल.

निघण्यापूर्वी पुढील बाबी क्रमाने पाहाव्यात :

१. नोंदणी पुस्तकातील एकूण वजन.
२. परवान्याचा प्रकार, त्यातील राज्ये आणि परतीसह मुदत.
३. योग्यता, विमा, प्रदूषण तपासणी व कर यांच्या तारखा, चालकाचा परवाना.
४. फास्टॅगमधील शिल्लक रक्कम.
५. काटापट्टी, सातबारा, मालाची यादी किंवा बिल्टी.
६. परराज्यातील अडत, हमाली व तोलाईचे दर आणि त्या दिवशी बाजार चालू असल्याची खात्री.

डिजीलॉकर किंवा एम-परिवहन या शासकीय ॲपमधील कागद तपासणीत ग्राह्य आहेत. तरीही वाटेत दूरध्वनी बंद पडू शकतो, यास्तव एक छापील संच गाडीत असू द्यावा.

या यादीतील बहुतेक बाबी दोन-तीन दिवस आधी पूर्ण करता येतात. म्हणून काढणीचा दिवस ठरला की त्याच दिवशी गाडीचे कागद पाहावेत आणि परवान्याचा अर्ज करावा. परवाना हाती आल्यावरच पोती शिवावयास घ्यावीत.